तुकड्यांतून उभे राहणारे वाक्य

रेल्वेच्या फलाटावर गाडीची वर्दी देणारा आवाज, बँकेच्या दूरध्वनी सेवेत खात्यातील शिल्लक सांगणारा आवाज किंवा लिफ्टमध्ये मजला जाहीर करणारा आवाज ऐकताना ते वाक्य कोणीतरी पूर्ण उच्चारून ठेवले असावे, असा श्रोत्याचा स्वाभाविक समज होतो. परंतु पुष्कळदा ते वाक्य त्या रूपात कोणत्याही माणसाच्या तोंडून कधीच बाहेर पडलेले नसते. एखाद्या निवेदकाने किंवा निवेदिकेने ध्वनिमुद्रण कक्षात बसून काही स्थिर वाक्यांश, काही नावे आणि संख्यांचा एक संच एवढेच सुटे सुटे उच्चारून ठेवलेले असते, आणि आयत्या वेळी यंत्र त्यांतील हवे ते तुकडे उचलून एकामागोमाग एक वाजवते. या प्रत्येक तुकड्याला व्यवहारात ‘क्लिप’ म्हणतात. ज्या ठरलेल्या चौकटीत क्लिपा बसवल्या जातात तिला साचा म्हणता येईल, आणि साच्यातील ज्या जागी दर वेळी वेगळा तुकडा येतो ती त्या साच्याची मोकळी जागा होय.

ही पद्धत का अवलंबावी लागली, हे साध्या गुणाकारातून कळते. एखाद्या कल्पित जंक्शनावर ४० गाड्या आणि १० फलाट आहेत आणि गाडीची वेळ दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी कोणतीही असू शकते, असे मानले तर संभाव्य वाक्यांची संख्या ५ लाख ७६ हजार होते. प्रत्येक वाक्य आठ सेकंदांचे धरले तरी ती सर्व मुद्रित करण्यासाठी सलग १,२८० तास बोलावे लागेल. याउलट ४० नावे, १० फलाट क्रमांक, २४ तास आणि ६० मिनिटे अशा १३४ क्लिपा व त्यांना जोडणारे मोजके स्थिर वाक्यांश मिळाले की तीच सर्व वाक्ये तयार होतात. दूरध्वनीच्या दर्जाच्या अंकीय ध्वनीत प्रत्येक सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुन्याला एक बाइट लागते. त्या हिशेबाने पहिल्या मार्गाला सुमारे ३७ गिगाबाइट आणि दुसऱ्याला, क्लिप सरासरी सेकंदभराची धरल्यास, साधारण एक मेगाबाइट जागा पुरते. ज्या काळात संगणकाची स्मृती किलोबाइटमध्ये मोजली जात होती, त्या काळात हा फरक शक्य आणि अशक्य यांमधला होता.

तथापि या कल्पनेचा जन्म संगणकाच्या बराच आधी झाला. पॅरिसच्या वेधशाळेकडे अचूक वेळ विचारण्यासाठी लोक सतत दूरध्वनी करत आणि त्यामुळे वेधशाळेच्या तारा अन्य कामांसाठी मोकळ्या राहत नसत. यावर उपाय म्हणून तेथील संचालक एर्नेस्त एस्क्लँगों यांनी बोलणारे घड्याळ तयार करवून घेतले आणि १४ फेब्रुवारी १९३३ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. नभोवाणीवरील निवेदक मार्सेल लापोर्त यांचा आवाज चित्रपटाच्या ध्वनिपट्टीप्रमाणे प्रकाशाच्या साहाय्याने मुद्रित करून त्या पट्ट्या फिरत्या दंडगोलावर बसवल्या होत्या. तासांचा, मिनिटांचा आणि सेकंदांचा गट वेगळा होता आणि प्रकाशविद्युत घट त्या त्या क्षणी योग्य पट्टी वाचत असे. दर दहा सेकंदांची वेळ सांगायची असेल तर दिवसभरात ८,६४० वेगवेगळी वाक्ये होतात, पण त्यांच्यासाठी २४ तास, ६० मिनिटे आणि ६ सेकंदस्थाने असे ९० तुकडे पुरेसे होतात. पहिल्याच दिवशी सुमारे १ लाख ४० हजार लोकांनी दूरध्वनी केला आणि त्यांपैकी जेमतेम २० हजार जणांनाच जोडणी मिळू शकली. ही सेवा पुढे जवळजवळ नव्वद वर्षे चालली आणि १ जुलै २०२२ रोजी बंद झाली.

ब्रिटनमध्ये अशी सेवा २४ जुलै १९३६ रोजी लंडन परिसरात सुरू झाली. तिच्यासाठी टपाल खात्याने आपल्या दूरध्वनी चालिकांमधून स्पर्धा घेऊन एथेल केन यांची निवड केली आणि त्यांचा आवाज काचेच्या तबकड्यांवर प्रकाशमुद्रित करण्यात आला. या घड्याळाच्या रचनेतील एक बारकावा लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. मिनिट पूर्ण होत असताना सेकंदांच्या जागी ‘शून्य सेकंद’ असे न म्हणता ‘बरोबर’ या अर्थाचा एक स्वतंत्र शब्द वाजत असे. इंग्रज माणूस वेळ सांगताना शून्य सेकंद असे म्हणत नाही, म्हणून यंत्रानेही ते म्हणू नये, हा त्यामागील विचार होता. यंत्राच्या दृष्टीने शून्य ही इतर संख्यांसारखीच एक संख्या असते, भाषेच्या दृष्टीने मात्र ती नसते. आणि क्लिपांतून वाक्य बांधणाऱ्याने दर वेळी भाषेचा पक्ष घ्यावा लागतो. या क्षेत्रातील बहुतेक चुका हा पक्ष न घेतल्यामुळे होतात.

चुकांचा पहिला प्रकार ध्वनीच्या पातळीवरचा आहे. माणूस बोलतो तेव्हा त्याची जीभ व ओठ एका ध्वनीवरून दुसऱ्या ध्वनीकडे सरकत असतात आणि येणाऱ्या ध्वनीची तयारी आधीच्या ध्वनीतच सुरू झालेली असते. या परस्परप्रभावाला ध्वनिशास्त्रात सहोच्चारण म्हणतात. ‘दोन हजार’ असे ओघात म्हणताना ‘न’ आणि ‘ह’ यांच्यामध्ये कोणतीही भिंत नसते. ‘दोन’ आणि ‘हजार’ वेगवेगळे मुद्रित करून जोडले की ती भिंत अचानक उभी राहते. म्हणून जोड कोठे घ्यायचा हा निर्णय कानाने आणि ध्वनिशास्त्राच्या जाणिवेने घ्यावा लागतो. क, त, प यांसारख्या स्पर्श व्यंजनांचा उच्चार होण्यापूर्वी तोंडात हवा क्षणभर पूर्ण अडते आणि त्या क्षणी ध्वनी जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे अशा जागी घेतलेला जोड कानाला सहसा जाणवत नाही. स्वर, अनुनासिके आणि य, र, ल, व यांच्या ठिकाणी मात्र ध्वनी अखंड वाहत असतो आणि तेथे कापले की कापल्याची खूण राहते. जागेची अडचण नसेल तेव्हा ‘एक हजार’पासून ‘नव्याण्णव हजार’पर्यंतचे सर्व शब्दबंध अखंड मुद्रित करणे हा याच कारणाने शहाणपणाचा मार्ग ठरतो.

दुसरी अडचण सुराची असते. कोणत्याही वाक्यात आवाजाची पट्टी सतत वरखाली होत असते आणि विधान संपताना ती खाली उतरते. दूरध्वनी क्रमांक सांगताना माणूस पहिले पाच अंक एका श्वासात म्हणतो, पाचव्या अंकावर आवाज किंचित उचललेला ठेवतो, म्हणजे पुढे आणखी काही आहे हे ऐकणाऱ्याला कळते, आणि दहाव्या अंकावर आवाज खाली आणतो. प्रत्येक अंकाची एकच क्लिप असेल तर दहाही अंक एकाच सुरात वाजतात. ऐकणाऱ्याला क्रमांक संपला की नाही हे समजत नाही आणि लिहून घेताना चूक होते. यासाठी काळजीपूर्वक काम करणारे लोक प्रत्येक अंक गटाच्या आरंभीचा, मधला आणि शेवटचा अशा तीन सुरांत मुद्रित करतात. दहा अंकांच्या जागी तीस क्लिपा होतात, पण एवढ्या वाढीव श्रमाने यंत्राचे बोलणे माणसासारखे वाटू लागते.

येथे मराठीच्या वाक्यरचनेचा एक लाभ आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘आपल्या खात्यात चारशे पंचवीस रुपये शिल्लक आहेत’ यासारख्या वाक्यात बदलणारी रक्कम मध्यभागी राहते आणि सूर उतरण्याचे काम ‘शिल्लक आहेत’ या स्थिर क्लिपेकडे जाते. इंग्रजीत रक्कम बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्याने प्रत्येक संख्येची उतरत्या सुराची वेगळी आवृत्ती ठेवावी लागते. मराठीत ती गरज बरीच कमी होते. इंग्रजी साच्याचे शब्दशः भाषांतर करून ‘आपली शिल्लक आहे’ असे म्हणून पुढे रक्कम वाजवणारी यंत्रणा हा लाभ हातचा घालवते आणि शिवाय वाक्यही कृत्रिम करते.

मराठीची खरी कसोटी मात्र संख्यांत लागते. इंग्रजीत शून्य ते एकोणीस हे वीस शब्द आणि वीस ते नव्वद हे आठ दशक, अशा अठ्ठावीस क्लिपांतून शंभराच्या आतील प्रत्येक संख्या जोडता येते, कारण तेथे एकवीसपासून पुढे दशक आणि एकक हे शब्द सुटे उभे राहतात. मराठीत दोन हा अंक बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी आणि ब्याण्णव या आठ ठिकाणी निरनिराळी रूपे घेतो आणि पुढील दशकाशी असा एकजीव होतो की त्याला वेगळे काढताच येत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस या संख्या पुढच्या दशकातून एक उणा करून बनतात आणि एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते, पण नव्याण्णवला ती लागू होत नाही. शेकडो वर्षे बोलण्यातून झिजत झिजत आलेली ही रूपे आहेत आणि त्यांना एका नियमात बसवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. म्हणून मराठीत शून्य ते नव्याण्णव या शंभर संख्यांच्या शंभर क्लिपा लागतात, त्याला पर्याय नाही.

शंभराच्या पुढेही सावध राहावे लागते. एकटी शंभर ही संख्या ‘शंभर’ असते, पण तिच्यापुढे काही आले की ती ‘एकशे’ होते: शंभर रुपये, मात्र एकशे पंचवीस रुपये. ज्या यंत्रणेत हा भेद केलेला नसतो ती ‘शंभर पंचवीस’ किंवा ‘एक शंभर पंचवीस’ असे काहीतरी बोलते आणि ऐकणारा क्षणभर गोंधळतो. ‘शे’ हा आघातहीन, लहानसा अवयव असल्याने तो सुटा मुद्रित करून ‘दोन’, ‘तीन’ यांना जोडला तर अवघडलेला ऐकू येतो. त्यामुळे एकशे ते नऊशे ही नऊ रूपे अखंडच घ्यावीत. अशा प्रकारे शंभर मूळ संख्या, एक ‘शंभर’, नऊ शेकडे आणि हजार, लाख, कोटी मिळून ११३ क्लिपांत व्यवहारातील कोणतीही पूर्णांक रक्कम मराठीत सांगता येते. एवढ्याशा संख्येसाठी आळस करून कामचलाऊ मराठी लोकांच्या कानांवर घालणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा सुट्या वाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्या शिकताना अडचण येते, हे त्या बदलामागचे कारण होते आणि त्याचा विचार शिक्षणशास्त्राच्या अंगानेच व्हायला हवा. यंत्राच्या दृष्टीने अशा वाचनामुळे शंभर क्लिपांचे काम अठ्ठाविसांत आटोपले असते हे खरे. परंतु भाषा वापरणाऱ्यांच्या सवयी यंत्राच्या सोयीसाठी बदलण्याची अपेक्षा धरता येत नाही. प्रौढ मराठी श्रोत्याच्या कानाला ‘सत्तावन्न’ हा शब्द एका झटक्यात कळतो, ‘पन्नास सात’ची मात्र त्याला मनात बेरीज करावी लागते.

संख्येमागून येणाऱ्या नामाचे आणि क्रियापदाचे रूप हाही प्रश्न आहेच. एक रुपया शिल्लक असतो तेव्हा ‘आहे’, दोन रुपये असतात तेव्हा ‘आहेत’. एक संदेश ‘आला आहे’, पण तीन संदेश ‘आले आहेत’. म्हणजे स्थिर समजलेल्या वाक्यांशाच्याही एकवचनी आणि अनेकवचनी अशा दोन आवृत्त्या ठेवणे भाग असते. हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. पोलिश भाषेत दोन ते चार या संख्यांपुढे नामाचे एक रूप आणि पाचपुढे दुसरे रूप येते. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली तयार केलेली ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही खुली दूरध्वनी प्रणाली जगभर वापरली जाते आणि तिच्यात संख्या, तारीख व संदेशांची मोजणी बोलून दाखवण्यासाठी निरनिराळ्या भाषांचे वेगवेगळे आज्ञावलीचे भाग लिहावे लागले आहेत. एका भाषेच्या क्लिपांच्या जागी दुसऱ्या भाषेच्या क्लिपा ठेवल्या की काम झाले, हा समज प्रत्यक्ष अनुभवाने असा खोटा ठरला आहे.

मराठीच्या बाबतीत या समजाने सर्वाधिक हानी स्थळनामांची होते. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे जे बदललेले रूप होते त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. पुणे हे गाव ‘पुण्याहून’ होते, ठाणे ‘ठाण्याला’, कसारा ‘कसाऱ्याकडे’, अकोला ‘अकोल्याला’, लोणावळा ‘लोणावळ्याहून’, मिरज ‘मिरजेला’. उलट नाशिक किंवा कर्जत यांच्या रूपात बदल न होता ‘नाशिकहून’, ‘कर्जतला’ असे म्हटले जाते. हिंदीत ‘से’ किंवा ‘की ओर’ हे शब्द नावापुढे सुटे येतात आणि आजच्या व्यवहारात स्थळनाव बहुधा तसेच राहते, त्यामुळे हिंदीसाठी केलेल्या साच्यात नावाची एकच क्लिप पुरते. तोच साचा मराठीत आणला तर ‘पुणेहून’, ‘ठाणेकडे’ अशी रूपे तयार होतात. शाळेत न गेलेला मराठी माणूसही असे बोलत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे प्रत्येक नाव मूळ रूपात, तसेच ‘हून’, ‘कडे’ आणि ‘ला’ यांसह वेगवेगळे मुद्रित करणे. यात क्लिपांची संख्या काही पटींनी वाढते, पण वाक्य निर्दोष होते. दुसरा मार्ग वाक्यच असे रचण्याचा आहे की नावाला प्रत्यय लागण्याचा प्रसंग येऊ नये. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील ‘पुढील स्टेशन’ म्हणून त्यानंतर नुसते नाव सांगणारी उद्घोषणा या दुसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण आहे: नाव शेवटी, प्रथमा विभक्तीत आणि स्वतःच्या उतरत्या सुरासह येते, त्यामुळे ते खुल्या आवाजात, स्पष्ट ऐकू येते. अशा ठिकाणी संक्षेप हा दोष नसून गुण आहे. मात्र लांब पल्ल्याच्या गाडीची माहिती देताना कोठून कोठे हे सांगावेच लागते आणि तेथे पहिला मार्ग टाळणे म्हणजे भाषेशी तडजोड करणे होय.

वेळ सांगण्याचा मराठी प्रकारही असाच समृद्ध आहे. नेमकी पाचची वेळ ‘पाच वाजता’ असते, पाच दहाची ‘पाच वाजून दहा मिनिटांनी’; म्हणजे मिनिटे शून्य असताना संपूर्ण साचाच बदलतो. बोलीत सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा असे पाव-अर्ध्याचे भाग येतात आणि त्यांपैकी ‘पावणे’ पुढील तासाचे नाव घेतो, त्यामुळे पाच पंचेचाळीस सांगण्यासाठी यंत्राला सहाची क्लिप उचलावी लागते. साडेएक आणि साडेदोन मात्र नसतात. त्यांच्या जागी दीड आणि अडीच येतात, आणि दीड ‘वाजला’ तरी अडीच ‘वाजले’. रेल्वेसारख्या ठिकाणी संदिग्धता टाळण्यासाठी चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे ‘सतरा वाजून चाळीस मिनिटांनी’ असे सांगणे योग्यच आहे. घरातील वृद्ध व्यक्तीला औषधाची आठवण करून देणाऱ्या साधनाने मात्र ‘साडेआठ वाजले’ असेच म्हणावे, कारण ती वेळ ऐकणाऱ्याच्या मनात त्याच शब्दाने असते.

लिखित आराखडा निर्दोष झाला की ध्वनिमुद्रणाचे काम सुरू होते आणि त्याला शिस्त लागते. संख्यांची यादी समोर ठेवून एक, दोन, तीन असे ओळीने वाचायला सांगितले तर वाचणाऱ्याचा सूर यादी वाचण्याचा होतो. प्रत्येक शब्दाचा शेवट उचललेला राहतो आणि तो शब्द वाक्यात बसवल्यावर परका वाटतो. यासाठी शब्द सुटा न वाचता एखाद्या तटस्थ वाक्यात गुंफून वाचतात, उदाहरणार्थ ‘आपल्या खात्यात एकवीस रुपये शिल्लक आहेत’, आणि नंतर त्यातून ‘एकवीस’ तेवढा कापून घेतात. अशा वाक्याला वाहक वाक्य म्हणतात. संख्यांचा क्रमही मुद्दाम विस्कटून ठेवावा लागतो. चढत्या क्रमाने वाचल्यास नव्वदीच्या संख्यांपर्यंत आवाज थकलेला असतो, आणि मग ताज्या आवाजातील ‘पाच’ला थकलेल्या आवाजातील ‘हजार’ येऊन मिळतो. मायक्रोफोनपासूनचे अंतर, खोलीतील पंख्याची घरघर आणि बोलण्याचा वेग या सर्व गोष्टी पहिल्या क्लिपेपासून शेवटच्या क्लिपेपर्यंत सारख्या राहाव्या लागतात, कारण वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे तुकडे शेजारी आले की शांततेचाही पोत बदललेला ऐकू येतो.

त्यानंतरची कापणी हे या कामातील सर्वांत नाजूक अंग आहे. ध्वनीची लहर शून्याच्या रेषेवर नसताना कापली तर जोडाच्या ठिकाणी ‘टक’ असा आवाज येतो, म्हणून लहर जेथे शून्यातून जाते तेथेच कापावे किंवा कडा हळूहळू मंद कराव्यात. क्लिपेच्या दोन्ही टोकांची शांतता काढण्यासाठी स्वयंचलित साधने वापरली जातात. ठरावीक पातळीपेक्षा हळू असलेला ध्वनी ती साधने शांतताच समजतात. मराठीत हा धोका मोठा आहे. ‘साठ’ या शब्दातील ‘ठ’ महाप्राण आहे, म्हणजे त्याच्या उच्चारानंतर श्वासाचा एक हलका झोत बाहेर पडतो, आणि तो झोत इतका क्षीण असतो की साधन तो सहज छाटून टाकते. तो गेला की ‘साठ’ आणि ‘सात’ यांतील अंतर धूसर होते. भर म्हणजे पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो आणि ‘स’सारख्या ऊष्म ध्वनीची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते, त्यामुळे ‘सहा’ आणि ‘दहा’ यांच्यातही गल्लत होऊ शकते. रक्कम किंवा फलाट क्रमांक सांगताना अशी गल्लत होणे गंभीर आहे. ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्याच्यासाठी तो आवाज हाच माहितीचा एकमेव आधार असतो, आणि त्याची गाडी किंवा त्याचे पैसे त्या श्वासाच्या झोतावर अवलंबून असतात.

क्लिपांचा संच एकदा तयार झाला म्हणजे कायमचा झाला असे होत नाही, कारण जगातील नावे बदलत राहतात. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या दरम्यान डिसेंबर २०१६ मध्ये राम मंदिर हे नवे स्थानक सुरू झाले. २०१७ साली छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात ‘महाराज’ हा शब्द समाविष्ट झाला. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. अशा प्रत्येक बदलाबरोबर उद्घोषणा असलेल्या प्रत्येक भाषेत नवी क्लिप लागते. मूळ आवाजाची व्यक्ती तोवर निवृत्त झालेली असू शकते, तिचे वय वाढून आवाज बदललेला असू शकतो किंवा ती हयातही नसू शकते. अशा वेळी एकच नाव निराळ्या आवाजात वाजते आणि प्रवाशाला वाक्याच्या मध्यात माणूस बदलल्याचा भास होतो.

शब्दांपेक्षा लहान तुकडे घेतले तर कोणतेही नवे नाव जोडता येईल, ही कल्पना स्वाभाविकच पुढे आली. सिरिल हॅरिस यांनी १९५३ साली ध्वनिफितीचे तुकडे कापून एकेका ध्वनीपासून शब्द जुळवण्याचा प्रयोग केला, तेव्हा एका ध्वनीची एकच प्रत पुरत नाही, शेजाराप्रमाणे त्याच्या अनेक प्रती लागतात, असे दिसून आले. १९५८ साली पीटरसन, वांग आणि सिव्हर्ट्सेन यांनी कापण्याची जागाच बदलली: ध्वनी जेथे बदलतो तेथे न कापता ध्वनीच्या मध्यावर, जेथे तो स्थिर असतो तेथे कापावे, म्हणजे दोन ध्वनींमधील संक्रमण तुकड्याच्या आत अखंड राहते. एखाद्या भाषेत पन्नास ध्वनी असतील तर अशा जोड्या फार तर २,५०० होतात. पुढे १९९६ साली जपानमधील क्योटोजवळच्या एटीआर संस्थेत अँड्र्यू हंट आणि अ‍ॅलन ब्लॅक यांनी तासन्‌तास मुद्रित केलेल्या बोलण्यातून हव्या त्या संदर्भाशी सर्वाधिक जुळणारा आणि शेजारच्या तुकड्याशी सर्वांत सहज मिळणारा तुकडा निवडण्याची गणिती रीत मांडली. सुझन बेनेट यांनी २००५ साली मुद्रित केलेल्या आणि नंतर ‘सिरी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आवाजाचा पाया तुकडे जोडण्याच्या याच परंपरेतला होता. २०१६ मध्ये डीपमाइंडने ‘वेव्हनेट’ सादर केल्यानंतर तुकडे न जोडता ध्वनिलहर नमुन्यागणिक नव्याने निर्माण करण्याचे युग सुरू झाले.

तरीही पूर्ण शब्दांच्या क्लिपा जोडण्याची पद्धत लोपलेली नाही. तिला महागडा संगणक लागत नाही, महाजालाची जोडणी लागत नाही आणि तिच्यातून काय ऐकू येईल याची आधी पूर्ण खात्री करून घेता येते. लिफ्ट, बस, रुग्णालयातील रांगेचा क्रमांक सांगणारे यंत्र किंवा धोक्याचा इशारा देणारी साधने यांच्यासाठी ही खात्री मोलाची आहे. अनेक ठिकाणी स्थिर वाक्यांश आणि संख्या मानवी आवाजातील क्लिपांतून आणि वारंवार बदलणारी नावे संगणकीय वाणीतून, अशी मिश्र रचनाही वापरता येते. तेव्हा मूळ व्यक्तीच्या आवाजावरून नवी नावे घडवायची असतील तर तिची स्पष्ट संमती करारातच घेतलेली असावी, कारण आवाज हा त्या व्यक्तीचाच राहतो.

असे काम हाती घेणाऱ्या संस्थेने कापलेल्या क्लिपांबरोबर मूळ अखंड वाहक वाक्येही जपून ठेवावीत, कारण पुढे साचा बदलल्यास त्यातून नवे तुकडे काढता येतात. संहिता मराठीतच आधी लिहिली जावी, संख्यांची रूपे व स्थळनामांची सामान्यरूपे व्याकरण जाणणाऱ्याकडून तपासली जावीत. अंतिम चाचणी शांत कक्षात न घेता गजबजलेल्या फलाटावर आणि साध्या दूरध्वनीवर घ्यावी. तेथे श्रोत्यांना ऐकलेला क्रमांक लिहायला सांगावे आणि ज्या संख्यांची लिहिताना अदलाबदल होते, त्या संख्या पुन्हा मुद्रित कराव्यात.